हार्लनच्या धक्क्यावरचा माणूस

मेम्फिस, रविवार, ७ सप्टेंबर १८८४

प्रिय टोराताई,

मागच्या पत्रात मी लिहिलं की बाबा गेले. ते चूक आहे. हार्लनच्या धक्क्यावर पुरलेला माणूस आपले बाबा नाहीत. हे पत्र हातात पडताच आईला सांग, आणि चर्चमध्ये प्रार्थना ठरली असेल तर पाद्रीबुवांना थांबव. बाकीचं नंतर वाचलंस तरी चालेल.

आता चूक कशी झाली ते लिहिते. तू विचारणारच.

नदीवरच्या धक्क्यांचे फोटो काढायच्या कामावर मी ज्या बोटीने खाली चालले आहे, ती हार्लनच्या धक्क्यावर लाकूड भरायला थांबली होती. प्रुइट म्हणून तिथले न्यायाधीश आहेत, तेच किराणा दुकानही चालवतात. नेहमीप्रमाणे मी त्यांनाही विचारलं, की दोन वर्षांपूर्वी काचेच्या छपराची, फोटो काढायची नाव घेऊन कुणी नॉर्वेजियन म्हातारा इथून गेला का. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. बोटं काळी म्हणजे हीसुद्धा फोटोवाली, असं त्यांच्या लक्षात आलं असणार. मग आत जाऊन ते पत्र्यावरचं चित्र घेऊन आले. जुलैत नदीतून काढलेला माणूस. वारस सापडावा म्हणून एका फिरत्या फोटोवाल्याकडून काढून घेतलेलं. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. दाढी पांढरी, बांधा बाबांचा, दोन्ही हात छातीवर, आणि डाव्या हाताची अनामिका बाबांसारखीच अर्धी. मला आणखी काही पाहावंसं वाटलं नाही. प्रुइट म्हणाले, "बाई, ओळखलंत ना? मग हे घेऊन जा, मला दुकानात ठेवायला नको वाटतं." मी ते घेतलं, थडग्यासाठी एका पाटीवर स्वतःच्या ब्रशने 'हाल्वोर ब्राटलंड, ला क्रॉस' असं लिहिलं, ती रोवली, आणि चित्र तुला पाठवून दिलं.

परवा बोटीवरचे हमाल मागे लागले, की कागदावरचा फोटो आम्हाला परवडत नाही, पत्र्यावरचं काढून दे. बाबांनी आपल्या घरात पत्रा कधी येऊ दिला नाही, तुला आठवतच असेल. जत्रेतला धंदा म्हणायचे. पण वाटेत केरो गावात मी फोटोचे कोरे पत्रे विकत घेतले होते. सायलस म्हणून एक हमाल आहे, त्याला बोटीच्या पाणचाकाच्या पेटीसमोर उभा केला. चित्र धुऊन त्याच्या हातात दिलं, तर तो हसत सुटला. "बाई, माझं थोबाड झकास आलंय, पण बोट उलटी वाहायला लागली की!" त्याच्या डोक्यामागे आमच्या बोटीचं नाव उलट्या अक्षरांत होतं. सगळे हसले. मीही हसले. मग मला तिथल्याच दोरखंडाच्या गुंडाळीवर बसावं लागलं.

काचेवर आधी उलटं निघतं आणि कागदावर छापताना सरळ होतं. पत्र्याला ती दुसरी पायरीच नाही. पत्रा म्हणजे आरसा. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण हाताला ठाऊक नव्हतं. कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली काचेवर माणूस डोक्यावर उभा आणि डावं उजवीकडे, असंच मी लहानपणापासून बघत आले. बाबांनी मला अक्षरंसुद्धा त्या काचेवरच शिकवली, समोरच्या लोहाराची पाटी दाखवून. उलटं ते मनात सरळ करायचं आणि हाती आलेल्या चित्रावर विश्वास ठेवायचा, ही माझी सवय. त्या माणसाचं बोट उजव्या हाताचं तुटलं आहे, टोराताई. बाबांचं डाव्या हाताचं.

माझ्यावर भरवसा ठेवू नकोस, स्वतः बघ. चित्रात त्याचं जाकीट दिसतं. बटणं कुठल्या बाजूला आहेत बघ. बायकांच्या कपड्यासारखी असतील. पुरुषाचं जाकीट कुणी तसं शिवलं नसतं, म्हणजे ते चित्र उलटं आहे.

प्रुइटनाही आजच लिहिते आहे.

तुझी,
सिग्ने


व्हिक्सबर्ग, मंगळवार, १६ सप्टेंबर

टोराताई,

तुझं पत्र इथल्या पोस्टात वाट पाहत होतं. म्हणजे मी मेम्फिसला ते पत्र लिहीत होते त्याच सकाळी चर्चमध्ये प्रार्थना झाली. बाबा कष्टाळू होते असं पाद्रीबुवा म्हणाले. आईने तिचा काळा पोशाख बाहेर काढला, आणि त्या दिवसापासून ती रात्रभर झोपते, दोन वेळा लापशी मागून खाते. चित्र तिने लग्नाच्या फोटोशेजारी टांगलं आहे. झोपायला जाताना त्या हातावर बोट ठेवते.

बटणं मी म्हणते तशीच आहेत, हे तू लिहिलंस. त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे. तू ते लिहिलं नसतंस तर मला कळलंही नसतं.

पण त्याखाली तू लिहितेस, "मी आईला सांगितलेलं नाही. दोन वर्षं तिने दारावर पाऊल वाजलं की चमचा खाली ठेवला. आता तिला पुन्हा जिवंत माणसाची वाट पाहायला लावू नकोस." हे मी बोटीच्या कठड्याशी उभी राहून वाचलं, मग पुन्हा वाचलं. तुझं म्हणणं चुकीचं आहे असं मी म्हणू शकत नाही. पण ज्या हातावर ती बोट ठेवते तो कुणाचा तरी आहे. तिच्या जागी दुसरी कुणी बाई चमचा खाली ठेवत असेल.

प्रुइटचं उत्तर आलं. ते लिहितात, "कुठला हात ते मला आठवत नाही. एक कमी होता एवढं खरं. कागदपत्रं बंद झाली आहेत. पाटी तुम्ही लावलीत, काढायची तर तुम्हीच या. खड्डा बुजवून जा, म्हणजे झालं." आणखी एक गोष्ट त्यांच्या पत्राने माझ्या ध्यानात आणली. ते विचारतात, चित्राची दुसरी प्रत आहे का. पत्र्याची प्रत निघत नाही. काच नसते, पुन्हा छापायला काही उरत नाही. त्या माणसाची या जगातली एकुलती एक खूण आपल्या आईच्या भिंतीवर आहे.

तू म्हणशील, सिग्ने नेहमी असंच करते. लहानपणी पिठाच्या डब्यातलं पीठ सांडलं की आईने न विचारताच मी तिला सांगायचे, आणि मग तुलाही बोलणी बसायची. तसंच समज हवं तर.

ल्युसिंडा म्हणून बोटीवर खोल्या आवरणारी एक बाई आहे. विधवा आहे, तीस वर्षं नदीवर काढली तिने. ती आत्ता डोकावून गेली. "पोरी, पत्र लिहितेस की कणीक मळतेस? टाक मोडेल." मग माझ्या खोलीतली चित्रं बघत उभी राहिली आणि सहज म्हणाली, "असाच एक म्हातारा खाली एका धक्क्याला नावेत बसून पत्र्यावर चित्रं काढतो. मागच्या हिवाळ्यात माझं काढलं त्याने. प्रोफेसर लंड. अर्धं बोट उडवत बोलतो."

मी विचारलं, कुठल्या हाताचं.

ती म्हणाली, "पत्रा धरतो त्या हाताचं. डावं." आणि मग, "काय गं, पांढरी का पडलीस?"

बाबा स्वतःला प्रोफेसर म्हणवून घेतील? आणि पत्र्यावर चित्रं काढतील? मला खरं वाटत नाही. पण आमची बोट त्या धक्क्याला थांबते, असं ती म्हणाली. खरं ठरलं तर तुला लिहायचं की नाही याचा मी विचार केला. लिहीन. एक गोष्ट लपवली की दुसरी कुठे ठेवायची ते मला समजत नाही.

सिग्ने


बोटीवर, गुरुवार, २५ सप्टेंबर

टोराताई,

ठिकाण मुद्दाम लिहिलेलं नाही, आणि हे पत्र दुसऱ्या गावच्या पोस्टात टाकणार आहे. तसं वचन मी दिलं आहे. मी दिलेलं वचन तेवढंच, त्याहून जास्त नाही.

बाबा जिवंत आहेत.

नाव तीच आहे. छपराच्या काचांपैकी काही जागी आता पोत्याचं कापड आहे. आत एक खुर्ची, मागे निळा पडदा. मी शिडी उतरून आत गेले तेव्हा ते पाठमोरे पत्रा पुसत होते. इंग्रजीतच म्हणाले, "बसा मिस, बसा. पंचवीस सेंट, आणि आवडलं नाही तर नदी फुकट आहे, तिच्यात टाका." मी बसले. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, टोराताई, सरळ माझ्या तोंडाकडे, आणि ओळखलं नाही.

मला बोलायला हवं होतं. पण त्यांनी माझी मान, हलू नये म्हणून, लोखंडी चिमट्यात बसवली, तशीच कडेने, अंगठ्याने, जशी लहानपणी बसवायचे. कापडाखाली शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. भिंग पुढे, मागे, पुन्हा पुढे. मग म्हणाले, "हनुवटी वर. श्वास धरा, पण स्वर्गात पोचाल इतका नको." आणि भिंगावरचं झाकण काढलं. मी हलले असते तर चित्र बिघडलं असतं. त्यामुळे झाकण परत बसेपर्यंत मी रडले नाही. नंतर ते आडोशाला चित्र धुवायला गेले तेव्हाही मला जमलं नाही.

बाहेर येऊन त्यांनी पत्रा नाकाला लागेल इतका जवळ धरला. "छान आलंय. डोळे स्वच्छ आहेत. कुठल्या तुम्ही?"

मी आपल्या भाषेत म्हणाले, "तुमचं धुवायचं पाणी जुनं झालंय बाबा. कडा पिवळ्या पडल्यात."

ते पत्रा घेऊन तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "सिग्ने, की टोरा?"

"सिग्ने."

"हं. टोराने आधी नावेला शिव्या दिल्या असत्या." आणि खोक्यावर बसले.

त्यांनी कॉफी केली. पातेल्याची कड चाचपून ओततात. मी सगळं सांगितलं, हार्लनचा धक्का, पाटी, प्रार्थना. ते कान देऊन ऐकत होते, जसं एखाद्या लांबच्या नातेवाइकाबद्दल ऐकावं.

"मग पाद्री काय म्हणाला माझ्याबद्दल?"

"कष्टाळू होता म्हणाला."

"मेला की माणूस कष्टाळू होतोच. रडलं का कुणी?"

"आई रडली. ताईने लिहिलं नाही, पण तीही रडली असणार."

"तू?"

"मी पाटी लिहीत होते."

यावर ते हसले. मग मी विचारलं, का गेलात. तुला हेच हवं असेल, म्हणून जसं बोलले तसं लिहिते. "एकदा चर्चचा मनोरा काचेवर आणायला गेलो, तर मनोराच सापडेना. नुसतं धुकं. दुसऱ्या दिवशी तुझ्या आईचा चेहरा सापडेना. म्हटलं, शरद ऋतूपर्यंत नदीवर फिरतो, हवा लागली की बरं होईल. बरं झालं नाही. मग कुठल्या तोंडाने येणार? आंधळा फोटोवाला घरात घेऊन तुम्ही काय केलं असतं?"

"सांभाळलं असतं."

"तेच ना. पत्र्याला फारसं दिसावं लागत नाही. इथल्या लोकांना चित्र हातात लगेच पडलं की खूश असतात. आणि मला कुणी हात धरून जेवायला बसवत नाही."

मी त्यांना चला म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं का? मी सारखा विचार करते. त्यांनी तो प्रश्न माझ्यापर्यंत येऊच दिला नाही.

निघताना त्यांनी माझं मनगट धरलं. "एक कर माझ्यासाठी. ती पाटी आहे तिथे राहू दे. घरातल्यांच्या लेखी मी गेलो, आता पुन्हा पुन्हा कशाला जाऊ? शिवाय त्या बिचाऱ्याला एक नाव मिळालं."

"त्याला नाव होतं बाबा."

"त्याला काय फरक पडतो आता?"

"त्याला शोधत कुणी हार्लनला आलं, तर प्रुइट म्हणतील, इथे फक्त ला क्रॉसचा ब्राटलंड आहे. आणि ती माणसं पुढे निघून जातील. मी कशी धक्क्यामागून धक्का विचारत आले, तशी. त्यांना तर शेवटी कुणी सापडणारही नाही."

बाबा म्हणाले, "तुला हे मीच शिकवलं का गं?" मी हो म्हणाले. काचेवर चुकीचं नाव लिहिलं तर माणूस हरवला समजायचं, हे त्यांचंच वाक्य. ते म्हणाले, "तेव्हा मला दिसत होतं." आणि मनगट सोडलं.

ठिकाण सांगणार नाही, एवढं मी कबूल केलं. पाटीबद्दल काही कबूल केलं नाही. त्यांनी माझं चित्र मला दिलं नाही, आपल्यापाशी ठेवून घेतलं. त्यात माझा भांग उलट्या बाजूला आहे.

ल्युसिंडाने शिडीवर माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी मक्याची भाकरी आणि तळलेला मासा खोलीत आणून ठेवला.

आईला सांगायचं की नाही, हे आता तुझ्यावर. तुझ्यावर ओझं टाकते आहे, हे मला कळतं.

सिग्ने


मेम्फिस, शुक्रवार, ३ ऑक्टोबर

टोराताई,

आम्ही आता नदीने वर, परतीला चाललो आहोत. पाणी उतरलं आहे, बोट वाळूवर टेकत टेकत जाते, पुढचा माणूस दिवसभर काठीने खोली मोजून ओरडत असतो. धक्क्यांचे फोटो खाली जाताना काढून झाले, त्यामुळे मला काम नाही. बाकीचे लोक संध्याकाळी दिवाणखान्यात पत्ते खेळतात. मला बोलावतात. मी जाते, बसते, पत्ते हातात धरते आणि कुठला पत्ता पडला ते मला सांगता येत नाही.

तुझं पत्र आज मिळालं. फार थोडकं आहे. "आईला सांगितलेलं नाही. सांगणार नाही. चित्र भिंतीवरून काढणार नाही. तू पाटी काढलीस की ते आज ना उद्या इथे कळणार, त्या प्रुइटच्या तोंडून किंवा आणखी कुणाच्या, आणि आई पुन्हा दारात जाऊन बसेल. काढायचीच असेल तर या घरात परत येऊ नकोस."

मी तुझ्यावर रागावले नाही, हे आधी लिहून ठेवते. घरात राहिलीस तू. त्या चमच्याचा आवाज तू ऐकलास, मी नाही. मी कॅमेरा उचलून बोटीत बसले, आणि तू दारात उभी राहून "जा, दोघंही जा" असं म्हणालीस, ते मला ऐकू आलं होतं.

पण मला दुसरं काही सुचत नाही. ल्युसिंडाला मी नावं न घेता सगळं विचारलं. ती चादरीच्या घड्या घालता घालता म्हणाली, "म्हणजे बायकोला बरं, पोरीला बरं, म्हाताऱ्याला बरं, न्यायाधीशाला बरं. वाईट कुणाला मग?" मी म्हणाले, जो पुरला आहे त्याला. ती म्हणाली, "अगं, तो तर तक्रारही करणार नाही." मी म्हणाले, म्हणूनच. तिने घडी मोडली, पुन्हा घातली. "माझा नवरा याच नदीत गेला," म्हणाली. "ग्रीनव्हिलच्या वर. कुठल्या काठाला लागला कोण जाणे. कुठेतरी असेल कुणाच्या तरी नावाखाली." मग दुसऱ्या खोलीत गेली.

आईच्या भिंतीवरचं चित्र काढ, असं मी म्हणत नाही. पण एक करता येईल, आणि ते तूच करू शकतेस, कारण स्टुडिओची किल्ली तुझ्याकडे आहे. आई दुपारी झोपते तेव्हा तो पत्रा उतरव आणि मोठ्या कॅमेऱ्यासमोर ठेवून त्याची काच घे. उत्तरेच्या खिडकीजवळ, पत्र्यावर चमक येणार नाही अशा कोनात. आई उठायच्या आत पत्रा परत टांगता येईल. मग कागदावर छापताना काच पालथी घाल, म्हणजे चित्र सरळ होईल, बोट उजव्या हाताला येईल आणि जाकिटाची बटणं पुरुषाच्या बाजूला. कडा थोड्या धूसर येतील, येऊ देत. ती प्रत मला केरोच्या पोस्टात पाठव, किंवा सरळ प्रुइटना, हार्लनचा धक्का, मिसूरी. माझ्या नावाने नको वाटत असेल तर नाव घालू नकोस.

ती आली नाही, तर मी बोटाचं आणि दाढीचं वर्णन लिहून प्रुइटच्या दुकानात भिंतीला लावीन. त्याने एखाद्याला ओळखू येईल की नाही, मला माहीत नाही. चित्र असतं तर बरं.

हे पाहा, मी आईला पत्र लिहिणार नाही. तेवढं तुझं. बाबांचं ठिकाण कुणाला सांगणार नाही. तेवढं त्यांचं. घरी येणार नाही, कारण तू नको म्हणालीस. तेही मी पाळीन. ल्युसिंडाची एक बहीण सेंट लुईला कपडे धुण्याचं काम चालवते. तिच्याकडे एक खोली आहे म्हणे. तिथून पुढचं मी अजून ठरवलेलं नाही. रात्री खोलीतला बाक मोकळा करून झोपते तेव्हा वाटतं, आपल्याला कुणीतरी म्हणावं, जाऊ दे सिग्ने, राहू दे ते. मग लक्षात येतं, की सगळ्यांनी तेच तर म्हटलं आहे.

पाटीवर नवं काय लिहायचं ते ठरवलं आहे. 'अनोळखी पुरुष. पांढरी दाढी. उजव्या हाताची अनामिका अर्धी. १८८४ च्या जुलैत नदीतून मिळाला. ओळखत असाल तर प्रुइट यांना सांगा.' जागा पुरेल. जुनं नाव आधी खरवडून काढावं लागेल. मी ते तेलाच्या रंगात लिहिलं होतं, पावसात जाऊ नये म्हणून.

कप्तानांना विचारलं. पाणी आणखी उतरलं नाही तर बोट हार्लनला येत्या नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी सकाळी लागेल, आणि लाकूड भरून होईपर्यंत थांबेल. काच घ्यायची असेल तर तुझ्याकडे वेळ आहे. घेतली नाहीस तरी मी मंगळवारी, चौदा ऑक्टोबरला, पाटी काढणार आहे.

सिग्ने